पहिलं फावडं

देल्फिनिया माएस्तासच्या हाताखालून आजवर अकरा डॉक्टर गेले होते. नाडी बघणारे नव्हेत, प्रश्न विचारणारे. विद्यापीठात नव्यानं लागलेली ही पोरं. खोऱ्यातल्या घराघरांत शिरलेल्या गर्दचा अभ्यास कसा करायचा हे शिकायला डॉ. रेमेदिओस लुना त्यांना दर हिवाळ्यात वर लोस आलिसोस गावाला पाठवत. पुस्तकातलं लुनाबाई शिकवत, उंबऱ्यावरचं देल्फिनिया. तिची स्वतःची शाळा आठवीत सुटलेली. पण लुनाबाई चारचौघांत सांगायच्या, "पदवी मी देते. पास मात्र तिच्याकडून व्हावं लागतं."

तिचे धडे मोजकेच. गाडी दाराशी नाही, फाटकाबाहेर लावायची. आधी कुत्र्याशी बोलायचं, मग माणसाशी. पुढ्यात येईल ते खायचं, आणि ताटली रिकामी होईपर्यंत पेनाला हात लावायचा नाही. 'गर्दुल्ला' हा शब्द ओठांवर आला तर जीभ चावायची. त्या माणसाचं आईनं काहीतरी नाव ठेवलेलं असतं, ते विचारायचं. आणि कोण किती टिकेल हे ती लाल मिरचीच्या रश्श्यावरून ओळखायची. डोळ्यांना धारा लागल्या तरी चालेल, चमचा थांबता कामा नये.

बारावी आली यादिरा कांतू. जानेवारीत, टेक्सासच्या नंबराची गाडी घेऊन, गुडघाभर बर्फात शहरी बूट घालून.

"तिया देल्फिनिया ना? मी यादिरा, लारेदोची." तिया म्हणजे मावशी. गावभर तिला तसंच म्हणत, पण या पोरीनं पहिल्याच दमात म्हटलं. "मला इथं परकं नाही वाटणार बघा. शेवटी आपण सगळे एकच."

"एकच?" देल्फिनियानं तिला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या लारेदोत मक्याची पेज कोणत्या रंगाची?"

"पांढरी."

"इथं निळी. बस. तिथून सुरुवात कर, मिहा."

मिहा, म्हणजे माझे बाई, माझे लेकी. ती सगळ्यांनाच मिहा म्हणायची, तसा त्याला काही अर्थ नव्हता. पण त्या दिवशी यादिरानं रश्श्याची ताटली संपवली, नाक पुसलं, डोळे पुसले आणि ताटली पुन्हा पुढं केली. "अजून आहे?" देल्फिनिया चुलीकडं वळून हसली. ही टिकेल.

तिनं आणलेला प्रश्नही निराळा होता. आधीचे अकरा विचारत आले ते किती, केव्हापासून, दिवसातून कितीदा. यादिराला चौदा दिवस हवे होते. तुरुंगातून सुटून माणूस घरी येतो, ते पहिले चौदा दिवस.

"शरीराची सवय तुटलेली असते, तिया," ती टेबलावर बोटानं रेघा ओढत सांगत होती. "पण हाताला जुनंच माप आठवत असतं. तेवढंच घेतो, आणि जातो. किती जातात हे सगळ्यांनी मोजलंय. मला विचारायचंय की त्या दिवसांत त्याच्याजवळ कोण होतं? कोणत्या घडीला कोणीच नव्हतं? त्या घडीला काय हाताशी असतं तर तो वाचला असता?"

देल्फिनिया पाठमोरी उभी राहून पातेल्यात पळी फिरवत होती. पातेल्यात ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिचा पोरगा लेआंद्रो असाच सुटून आला होता, आणि नवव्या दिवशी गेला होता. त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत किती डॉक्टर तिच्या ओसरीवर जेवले, पण हा प्रश्न कोणाच्या झोळीत नव्हता. तो यावा म्हणून ती वाट पाहत होती, आणि तो येऊ नये म्हणूनही.

"किती माणसं लागतील तुला?" तिनं विचारलं.

"तीस. एप्रिल संपायच्या आत. नाहीतर विद्यापीठाची समिती हा अभ्यास बंद करणार, आणि मी लारेदोला परत."

*

घरं उघडत होती. देल्फिनियाबरोबर आलेल्याला या खोऱ्यात दार बंद नसतं. पेज यायची, रोटी यायची, चुलीपाशी खुर्ची सरकवली जायची. यादिरा कुत्र्यांशी बोलायची, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, ताटली चाटूनपुसून संपवायची. गप्पा रंगात यायच्या. मग ती पिशवीतून संमतीपत्र काढायची, आणि खोलीतली ऊब अशी जायची जसं कोणी दार उघडं टाकलं.

"विचार करतो." "मुलगी आली की विचारते." "आज चष्मा नाही जवळ."

पाटकरी ओनोफ्रे आर्चुलेताच्या घरी हेच झालं, पण तिथं ते बोलून झालं. ओनोफ्रे गावच्या पाटाचं पाणी वाटणारा. पाळी कोणाची, दार कधी उघडायचं, सगळं त्याच्या शब्दावर. लेआंद्रोला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातावर घेतलं होतं. तेव्हापासून देल्फिनिया त्याची कोमाद्रे, तो तिचा कोंपाद्रे. रक्ताहून घट्ट नातं. गाव मात्र त्याला तिओ, म्हणजे काकाच म्हणे.

त्या दिवशी त्यानं स्वतःच सुरुवात केली. पेला खाली ठेवला, हात मांडीवर घेतले. "माझी बेरेनिस मागच्या पानगळीत सुटून आली. अकराव्या दिवशी न्हाणीघराचं दार..."

"थांबा, तिओ," यादिरा घाईनं म्हणाली. "आधी इथं सही लागेल. मग बोला."

ओनोफ्रे थांबला. त्यानं कागदाकडं पाहिलं, मग भिंतीकडं. भिंतीवर काचेत एक जुना कागद होता. खाली सहीच्या जागी शाईची फुली.

"माझ्या आजोबांची," तो म्हणाला. "सकाळी डोंगर त्यांचा होता. दुपारी वाचता न येणाऱ्या कागदावर एवढी फुली मारली. संध्याकाळी त्याच डोंगरावर लाकडं तोडली म्हणून चोर ठरले."

"पण तिओ, हा कागद तुमच्याच रक्षणासाठी आहे."

"त्यांनाही हेच सांगितलं होतं, मिहा."

त्यानंतर त्यानं तिला आणखी एक रोटी वाढली, घरी न्यायला पेंडीभर सुकी मिरची दिली, फाटकापर्यंत पोचवायलाही आला. बेरेनिसचं नाव पुन्हा काढलं नाही.

गाडीत यादिरा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली. "ते सांगत होते, तिया. तोंडात आलं होतं. मीच थांबवलं."

"हो."

"पण नियम आहे. सहीशिवाय ऐकलेला शब्द मला वापरता येत नाही."

"कागदावर त्याचं नाव राहणार?"

"राहणार, पण कपाटात. कुलपात."

"आणि कपाट कोणाचं?"

यादिरानं गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत देल्फिनियाला ओळ दिसली: 'नकार. कारण: लाज.'

"लाज?" देल्फिनियानं बोट ठेवलं. "पोटची पोर न्हाणीघरात निळी पडलेली सापडली, हे जो तुझ्यासमोर सांगायला निघाला, त्याला लाज?"

यादिराचे कान लाल झाले. तिनं ती ओळ खोडली. तिच्या जागी काय लिहावं हे मात्र तिला सुचलं नाही, आणि देल्फिनियानंही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. लुनाबाईंना एक फोन केला असता तरी पुरलं असतं. रोज रात्री ती स्वतःला बजावायची, उद्या बोलू. पण सगळी दारं उघडली की तो प्रश्न एक दिवस आपल्याही दारी येणार, हे तिला ठाऊक होतं. सव्वीस घरं झाली. कागद एकही नाही.

मार्च लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शनिवारी पाट उकरायचाय. फावडं आण."

*

मार्चचा दुसरा शनिवार. झाडं अजून उघडी, डोंगरावर बर्फ, आणि पाटाच्या मुखाशी चाळीस फावडी. वर्षभर साचलेला गाळ, पाला, मुळ्या काढल्याशिवाय पाणी खाली येत नाही, आणि दर घरातून एक माणूस आल्याशिवाय गाळ निघत नाही. ओनोफ्रे काठी घेऊन काठाकाठानं चालत होता, दर आठ पावलांवर रेघ मारत होता. एक रेघ, एक माणूस, एक वाटा.

मग हजेरी. तो घराचं नाव घ्यायचा, उत्तर यायचं.

"वालेरिओची म्हातारी?"

"तिच्या वतीनं मी आहे!"

"माएस्तास?"

"आहे!" देल्फिनिया म्हणाली. "आणि ही पाहुणीपण धरा."

एक दाढीवाला फावड्यावर रेलून हसला. "टेक्सासवाल्या बाई, फावड्याची कोणती बाजू जमिनीकडं असते, ठाऊक आहे ना?"

"बाजू ठाऊक आहे," यादिरा म्हणाली. "दांडा कोणाच्या पाठीत घालायचा, तेवढं तुम्ही सांगा."

हशा पिकला. दाढीवाल्यानं टोपी काढून तिला मुजरा केला. तरी खाली कोणी उतरेना. दर वर्षीचं हेच. पाटात पहिलं फावडं पडेपर्यंत सगळे काठावर उभे, जसं कोणी पाण्यात पाय घालून बघायला दुसऱ्याला पुढं करावं.

"कोण उतरतंय?" ओनोफ्रे ओरडला. "का पाण्यालाच सांगू, बाबा, यंदा तूच उकरत ये?"

शेवटी दाढीवाला उतरला, आणि मागोमाग सगळे. माती उडू लागली. देल्फिनियाच्या ओठांवर आईकडून आलेलं गाणं आपोआप आलं. या कामाला ते लागतंच:

डोंगराच्या बर्फा बापा, नको बसू उंचावरी,
वाट तुझी उकरली, ये रे माझ्या शेतावरी.

तिसऱ्या वाट्यावर यादिराच्या फावड्याखाली कुजलेल्या पाल्याचा थर उलटला आणि गर्द टोचायच्या सुया दिसल्या. एक, मग तिच्याजवळ दोन, मग मुळीत अडकलेल्या आणखी. गाणं थांबलं. डावीउजवीकडची फावडीही थांबली. दर वर्षी निघतात. दर वर्षी कोणीतरी न बोलता फावड्यानं काठापलीकडं ढकलतो, आणि पावसानं त्या परत येतात.

यादिरानं पिशवी उघडली. जाड हातमोजे, पक्कड, धुण्याच्या साबणाची रिकामी बाटली. गुडघ्यावर बसून एकेक सुई पकडीत धरून ती बाटलीत सोडू लागली. ना घाई, ना नाक मुरडणं. भाजीतले खडे काढावे तसं. सात निघाल्या. झाकण फिरवलं, बाटली पिशवीत ठेवली, पुन्हा फावडं उचललं.

दाढीवाल्यानं हळूच विचारलं, "कोणाच्या, ते शोधणार का आता?"

"कशाला? सुईला नाव नसतं." तिनं फावडंभर माती काठावर फेकली. "आणि मला नाव नकोच आहे."

बोलली, आणि फावडं तसंच हवेत राहिलं.

देल्फिनियानं तो चेहरा पाहिला. तिच्या अकरा डॉक्टरांपैकी तिघाचौघांच्याच तोंडावर तो कधी उमटला होता. पुस्तक मिटून माणूस उघडतो, तेव्हाचा चेहरा.

यादिरा चिखलाच्या बुटांनिशी काठावर चढली आणि ओनोफ्रेपाशी जाऊन उभी राहिली. "तिओ, हजेरीची सही का घेत नाही तुम्ही?"

"सही?" त्याला प्रश्नच कळेना. "अगं, चाळीस जणांनी ऐकलं की."

"आणि उद्या कोणी म्हणालं, मी नव्हतोच?"

"ऐकणाऱ्यांसमोर? या पाटावर?" तो हसला. "तीनशे वर्षं झाली, मिहा. अजून कोणी म्हणालेलं नाही."

ती तिथंच उभी राहून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागली. "सगळ्या अभ्यासात माणसाचं नाव एकाच जागी येतं. त्या सहीत. रक्षणाचा कागद म्हणते मी त्याला, आणि धोका तेवढ्याच कागदात आहे." मग तिनं वर पाहिलं. "मी कागद मोठ्यानं वाचला, आणि तुमच्या पसंतीच्या माणसासमोर तुम्ही नुसता शब्द दिलात, तर बोलाल?"

ओनोफ्रेनं काठी जमिनीत रोवली. "शब्द मागायला आली असतीस, तर जानेवारीतच दिला असता."

यादिरा परत खाली उतरली. आपला वाटा पुरा केल्याशिवाय तिनं फोन काढला नाही. हे देल्फिनियाला सगळ्यांत आवडलं.

*

सहीऐवजी तोंडी शब्दाला समितीनं पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा यादिरा स्वतः गेली. तीन तास चाललं, असं लुनाबाईंनी फोनवर सांगितलं. "तुझी पोरगी काय उभी राहिली गं! आवाज एकदाही चढवला नाही, आणि एक पाऊल मागं सरली नाही. एका मोठ्या माणसानं विचारलं, तोंडी शब्दाचा भरवसा काय? ही म्हणते, त्या खोऱ्यात त्या शब्दावर तीनशे वर्षं पाणी वाहतंय, तुमच्या कुलपाला किती वर्षं झाली? मी त्या बाकावर वीस वर्षं बसते, देल्फिनिया. हे मला सुचायला हवं होतं."

परवानगी आली तेव्हा एप्रिलचे अठरा दिवस उरले होते.

पण परवानगी आली म्हणून तोंडं उघडत नाहीत. चार दिवस यादिरा सहीची जागा नसलेला नवा कागद घेऊन फिरली. लोक ऐकत, माना डोलवत, आणि शेजारच्या घराकडं बघत. पाचव्या दिवशी ओनोफ्रे देल्फिनियाच्या ओसरीवर येऊन बसला.

"पाटासारखंच आहे, कोमाद्रे. पहिलं फावडं पडेपर्यंत कोणी उतरायचं नाही."

"मग उतर की तू. शब्द तर दिलायस."

"उतरेन. पण माझी बेरेनिस वाचली. तू दिलेला तो गर्द उतरवणारा नाकातला फवारा फडताळात होता, म्हणून वाचली. वाचलेल्याचं सांगणं सोपं असतं." त्यानं टोपी हातात फिरवली. "माझ्यामागं वाचलेल्यांचे बाप येतील. बाकीचे काठावरच राहतील. ते तुझ्याकडं बघतायत."

देल्फिनिया उठली. तिनं त्याला पेज दिली, त्यानं ती प्यायली. पेला परत घेताना ती म्हणाली, "उद्या दुपारी ये. साक्षीला."

एप्रिल संपायच्या आत चौतीस माणसं बोलली. बाप बोलले, आया बोलल्या, सुटून आलेली आणि जगलेली पोरं बोलली, दाढीवाला आपल्या भावाबद्दल बोलला. पण ते नंतरचं.

त्या दुपारी देल्फिनियानं टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. लाल रस्सा, रोट्या, शिजवलेला मका. सकाळीच ओनोफ्रेनं पाटाचं दार उघडलं होतं, आणि खिडकीखालून पाला ढकलत पाणी चाललं होतं. यादिरानं ताटली संपवली. ओनोफ्रेनं संपवली. यादिरानं पिशवीला हात लावला नाही.

"काढ की कागद," देल्फिनिया म्हणाली.

"ताटली रिकामी होईपर्यंत पेन काढायचं नाही."

"झाली की तुझी."

"माझी झाली, तिया. तुमची नाही झाली."

देल्फिनियानं खाली पाहिलं. रोटी तशीच होती, रश्श्यावर साय धरली होती. ओनोफ्रे खिडकीबाहेर बघत बसला. कोणीही घाई केली नाही. बारा डॉक्टरांना शिकवलेला धडा तिच्याच पुढ्यात वाढून आला होता. तिनं रोटीचा तुकडा मोडला. रश्श्यात बुडवून घास घेतला. दुसरा. तिसरा. किती वेळ लागला कोणास ठाऊक, ताटली पुसून झाली.

तेव्हा यादिरानं कागद काढला आणि सावकाश वाचला. तुमचं नाव कुठं लिहिलं जाणार नाही. नको वाटेल तिथं थांबायचं. सांगितलं नाही तरी कोणाचं काही बिघडणार नाही.

"शब्द देता, तिया?"

"देते."

"ऐकलं," ओनोफ्रे म्हणाला.

"तो घरी आल्यानंतर नवव्या दिवशी," यादिराचा आवाज सरळ होता, "त्याच्याजवळ कोण होतं?"

पाण्याचा आवाज येत होता.

"कोणी नव्हतं," देल्फिनिया म्हणाली. "शनिवार होता. पाचवा डॉक्टर आला होता, चांगला पोरगा होता. त्याला मी वरच्या आळीत घेऊन गेले होते, लोकांच्या घरी. लोकांच्या पोरांची विचारपूस करायला. फवारा माझ्या पिशवीत होता, माझ्या खांद्यावर. लेआंद्रो म्हणाला होता, आई, आज नको जाऊस. मी म्हणाले, दोन तासांत येते."

ओनोफ्रेनं टोपी टेबलावर ठेवली आणि कोमाद्रेच्या हातावर हात ठेवला. सात वर्षं गावाला माहीत होतं की लेआंद्रो नवव्या दिवशी गेला. ती कुठं होती, हे आजवर तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

यादिराचं पेन थांबलं होतं. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत, नजर खाली वळवली नाही, आणि 'तुमचा दोष नाही' असलं काही म्हणाली नाही.  देल्फिनियानं तिच्याकडं पाहिलं. आपल्या हातून बारा डॉक्टर गेले, आणि त्यांतली एक अशी निघाली, की तिच्यापुढं आपल्याला हे ठेवता आलं. पुरे झालं.

"लिही, मिहा," ती म्हणाली. "नववा दिवस शेवटी येतो. त्याआधी आठ होते, आणि त्यांतले काही फार चांगले होते. पहिल्या दिवसापासून सांगते."